सिनेमा डोक्यातून जात नाहीये, कथा माझी कशी करू? (सल्ला हवा)

रानजाई
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२) पाहिला. तीस वर्षं टोकियोच्या नगरपालिकेत शिक्के मारत बसलेला वातानाबे, पोटाचा कॅन्सर कळल्यावर सांडपाण्याच्या जागेवर मुलांसाठी बाग करून घेतो. माझे वडील तालुक्याच्या नगरपालिकेत वॉलमन होते, पाणी सोडायचे. त्यांच्यावर कथा लिहायला बसते आणि तिसऱ्या पानावर त्यांच्या जागी तो जपानी म्हातारा बर्फात झोक्यावर जाऊन बसतो. आमच्याकडे बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर.
दिवाळी अंकासाठी हवीय. मर्यादा २५०० शब्द, हातात तीन आठवडे. कादंबरी लिहायची नाही. प्रेरणा कुठे संपते, चोरी कुठे सुरू होते, आणि नेमकं करू काय?

खडीसाखर
कादंबरी करा. २५०० शब्दांत वडील मावत नाहीत. मी आजीवर कथा लिहायला घेतली होती, ४० हजार शब्द झाले, अजून तिचं लग्न व्हायचंय.

मठ्ठा_मारके
दुसऱ्या वाक्यात शेवट सांगून टाकलात. यादीत होता हो माझ्या.

काका_डोंबिवलीकर
सात बदल केले की कोणी काही करू शकत नाही. नावं, गाव, ऋतू, आजार वगैरे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मालिका लिहितात, ते हेच करतात.

निवृत्त_वकील
काका, सात बदलांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, सर्वोच्च न्यायालय, १९७८. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नाटक आणि 'नई दिल्ली' सिनेमा, दोन्हीकडे प्रांतवाद. नाटककार हरले. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाची मालकी नसते, ती असते मांडणीवर. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कलच वाटली, तर मात्र तुम्ही अडकलात.

काका_डोंबिवलीकर
म्हणजे बदल करायचेच ना? मी वेगळं काय म्हटलं?

बे_एरियातली_बाय
एवढा विचार कोण करतं! 'पिंजरा' (१९७२) तरी कुठून आला? जर्मन 'ब्लू एंजल' (१९३०) आणि त्याच्या आधी हाइनरिक मानची कादंबरी. मी तो जर्मन इथे थिएटरात मोठ्या पडद्यावर पाहिलाय, भारतात बसून ती मजा नाही.

आडवाटेचा_पांथस्थ
बाय, 'पिंजरा'ला नक्कल म्हणायचं काम नाही. तिकडचा प्रोफेसर शेवटी आपल्या जुन्या वर्गात, टेबलाला धरून मरतो. आपल्या मास्तरवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो! ही कलाटणी मूळ सिनेमात कुठेय?

बे_एरियातली_बाय
मी नक्कल कधी म्हटलं? नीट वाचा.

झणझणीत
अनुभवाचे बोल. वाचनालयात कथावाचन होतं. एका इराणी सिनेमाचा शेवट मी जसाच्या तसा घेतला होता, म्हटलं इथे कोणी पाहिलाय? शेवटच्या पानाआधी पाणी प्यायला थांबलो, तर दुसऱ्या रांगेतल्या आजींनी पुढचं वाक्य म्हणून दाखवलं. टाळ्या त्यांना. तेव्हापासून मी फक्त कविता करतो.

निळीशाई
रानजाई, सिनेमा पुन्हा बघू नका. बघितलात की तपशील चिकटतात. न बघता आठवतील ते पाच प्रसंग कागदावर काढा आणि प्रत्येकासमोर लिहा: इथे माझे वडील काय करत असते? उत्तर येत नसेल तिथे काट मारा.
दुसरं, मला त्यातली घेण्याजोगी गोष्ट बाग वाटत नाही. वातानाबे सिनेमाच्या साधारण दोन तृतीयांशावर मरतो. पुढचं सगळं त्याच्या घरी जमलेल्या लोकांत घडतं. उपमहापौर बागेचं श्रेय घेऊन निघून जातो, मग कारकून पीत पीत एकेक आठवण काढतात, आता आपण बदलायचं म्हणून शपथा घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फायलींचे ढीग. याचं बीज टॉल्स्टॉयच्या 'इव्हान इलिच' या कथेत (१८८६). तिथे नायकाच्या मरणाची बातमी सुरुवातीलाच येते. कुरोसावाने तेच मरण उचलून पार पुढे नेलं आणि गोष्ट त्याची झाली.
तुमच्या वडिलांच्या हातात काय असायचं?

बे_एरियातली_बाय
'इकिरू'वरून इंग्रजीत 'लिव्हिंग' (२०२२) निघालाय, पटकथा कादंबरीकार इशिगुरोची. तो नक्की बघा.

निळीशाई
बघू नका म्हणतेय ना मी!

रानजाई
हातात चावी. कमरेएवढी, टी आकाराची, लोखंडी. आणि खिशात वही. त्यात: 'मारुती आळी साडेसतरा. खालची पेठ नऊ, जास्त नाही.' म्हणजे वॉलचे फेरे. खालच्या पेठेचा पूर्ण उघडला की मारुती आळीला पाणी चढायचंच नाही. शेवटचा अर्धा फेरा देताना ते चावीच्या दांड्याला कान लावायचे. पाणी आवाज बदलतं म्हणायचे.

निळीशाई
झोका काढा, कॅन्सर काढा. हे ठेवा.

खडीसाखर
अहो, कादंबरीच आहे ही.

काका_डोंबिवलीकर
आमच्या सोसायटीत चार दिवस पाणी नाही. वॉलमनला विचारलं तर म्हणतो वरून प्रेशर नाही. हे साडेसतरा फेऱ्यांचं त्याला सांगून बघतो.

आडवाटेचा_पांथस्थ
काका, धागा कथेचा आहे.

मठ्ठा_मारके
तेराव्याच्या पंगतीत घडवा कथा. सगळी आळी जेवायला आलीय आणि नळाला पाणी नाही.

झणझणीत
तेराव्याला +१. आणि सिनेमाचं नाव कुठेही छापू नका. संपादक मूळ शोधायला जातात.

निळीशाई
तेरावा उत्तम. नाव नको, हेही खरं. वाचक सगळीकडे जपानच शोधत बसेल.

रानजाई
सगळ्यांचे आभार. तेरावा करत नाहीये. बाबा हयात आहेत आणि दिवाळी अंक पहिल्या पानापासून वाचतात.
निरोप समारंभ घेतलाय. शाल, श्रीफळ, नगराध्यक्षांचं भाषण काही संपत नाही, आणि सत्कारमूर्ती सारखा घड्याळ बघतोय, कारण साडेपाचला मारुती आळी आहे आणि नवा मुलगा खालची पेठ पूर्ण उघडतो. 'इकिरू पाहिल्यावर' अशी ओळ वरती टाकणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी. झोकाही ठेवलाय. नगरपालिकेच्या बागेत आहे तो, एक साखळी तुटलेला.
आता ३१०० शब्द झालेत. ६०० कुठून कापू?

खडीसाखर
कापताय कशाला?