मदत हवी आहे: बास गांडूळ धरतो, पण गळ लागत नाही

टेक्सासच्या लेक फोर्कवर काठावरून लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवतोय, बोट नाही. 7 इंची प्लास्टिकचं गांडूळ, 3/0 मापाचा ऑफसेट (दोरी बांधायच्या डोळ्याजवळ वाकवलेला) गळ, पुढे 3/16 औंसाचं, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं बुलेट शिसं, 15 पाउंडाची फ्लुरोकार्बन दोरी, मीडियम हेवी (बऱ्यापैकी ताठ) रॉड. तळाला गवत दाट आहे, म्हणून गळाचं टोक गांडुळातच लपवावं लागतं.

चावा नीट कळतो. टक-टक होतं, मग दोरी हळूच बाजूला सरकायला लागते. सैल दोरी गुंडाळून जोरात झटका देतो, तर हाती येतं गळावरून घसरून वाकात गोळा झालेलं गांडूळ. दोन शनिवारांत नऊ चावे, मासा एकच. शेपूट शाबूत असतं, त्यामुळे ब्लूगिल (छोटे मासे) कुरतडत असतील असं वाटत नाही.

नवा गळ लावला, लगेच ओढून पाहिलं, तीन सेकंद थांबूनही पाहिलं. फरक नाही. त्याहून जास्त थांबायचं नाहीये. इथे 16 ते 24 इंचांचा बास सोडावाच लागतो आणि गळ घशात गेलेला मासा वाचणं अवघड.

मग एक माप मोठा, 4/0 चा रुंद वाकाचा गळ घेऊ, की याच गळाचं टोक गांडुळाच्या पाठीतून आरपार काढून वरच्या कातडीत जेमतेम खोचू? दाट गवतात यातलं काय चालतं?