पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमारांची एकत्र बैठक: कशी आखावी?

वाळूचा_बांध
नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यातल्या आमच्या बंदरात गेल्या हंगामात जाळी तुटण्यावरून प्रकरण मारामारीपर्यंत गेलं. केस चालू आहे. नवीन हंगामाआधी रापणवाले (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), गिलनेटवाले (पाण्यात उभं सोडलेलं जाळं, त्यात मासा अडकतो) आणि पर्ससीनवाले (मोठ्या नौकेतून माशांच्या थव्याभोवती जाळं टाकून खालून आवळणारे) एकत्र बसावेत असं गावात बऱ्याच जणांना वाटतंय. मंडप, माइक, पाहुणे असा शांतता मेळावा घ्यावा अशी सूचना आली आहे. कधी, कुठे, किती माणसं, काय टाळावं? अनुभवी लोकांनी सांगा.

तांडेलकट्टा
मेळावा नको. माइक हातात आला की माणूस समोरच्याशी बोलत नाही, आपल्या वाडीसाठी बोलतो. वीस माणसांची बैठक घ्या: सहा पारंपरिक, सहा पर्ससीन, चार मासे विकणाऱ्या बायका, दोन खलाशी, दोन संचालक (म्हणजे बैठक चालवणारे). बायकांना वगळू नका. त्या दोन्हीकडचे मासे विकतात, त्यामुळे बंदर बंद पडलं की पहिला फटका त्यांनाच बसतो. संचालक मासेमारीबाहेरचे हवेत, आणि एकाही बाजूने नाव नाकारलं तर दुसरं शोधायचं.

एकत्र बसण्याआधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटा, हे टाळू नका. बहुतेक बैठका इथेच फसतात, कारण पहिला राग थेट समोरच्याच्या तोंडावर निघतो. वेगळ्या बैठकीत तीनच गोष्टी विचारा: काय झालं, नुकसान किती, आणि काय मिळालं तर चालेल. तिसऱ्याचं उत्तर "त्यांनी धंदा बंद करावा" एवढंच असेल तर अजून वेळ आलेली नाही, पुन्हा भेटा.

वेळ: यांत्रिक नौकांना बंदी १ जून ते ३१ जुलै. पहिली बैठक जूनमध्ये घ्या, तेव्हा मालक गावात मोकळे असतात. पण बाहेरचे खलाशी घरी गेलेले असतात, आणि समुद्रात हाणामारीत पुढे तेच असतात. म्हणून दुसरी बैठक ऑगस्टच्या अखेरीस, कारण राज्याच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे पर्ससीनचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि ३१ डिसेंबरला संपतो. जानेवारीनंतर कोणी पर्ससीन टाकताना दिसला की पुन्हा ठिणगी पडते, तेव्हा डिसेंबरच्या शेवटीही एकदा बसा. हंगामातल्या बैठका पौर्णिमेच्या आसपास ठेवा. काळोखात गिलनेटला मासा चांगला लागतो, आणि एलईडीवाल्यांचा (प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांचा) सुळसुळाटही तेव्हाच, म्हणजे अमावस्येला कोणी येणार नाही आणि आलाच तर तापलेला येईल.

जागा शाळेचा वर्ग. जेटी नको (गर्दी जमते), देऊळ नको, कोणत्याही मच्छीमार सोसायटीचं ऑफिस नको. दुपारी अडीच ते साडेचार. शुक्रवार आणि रविवार सोडून. गोल बसा, फोन टोपलीत, प्रत्येकाला तीन मिनिटं. अर्धवट व्हिडिओ बाहेर गेला की दुसरी बैठक होत नाही.

ओसरीवरचा_वकील
केस चालू आहे म्हणालात, तर आधी आरोपींचे जामिनाचे आदेश वाचा. साक्षीदारांशी संपर्क करू नये अशी अट असेल तर आरोपी आणि साक्षीदार एका खोलीत नकोत, नाहीतर जामीनच अडचणीत यायचा. मारामारीच्या गुन्ह्यावर बैठकीत चर्चाही नको, ते कोर्टात होईल. आणि त्या तारखेला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. सणासुदीला हमखास असतो.

एक आणखी: एलईडी लावून मासेमारीला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. "थोडं चालवून घेऊ" असला समझोता कागदावर लिहिलात तर तुम्हीच अडकाल. ज्यावर गावाचा हात चालतो तेवढंच लिहा.

बांगड्याची_आमटी
भाऊनू, जेवणात मासे घालू नकात. खंयच्या जाळ्यातले म्हणान परत सुरू होतला. काळ्या वाटाण्याचा सांबारा नि आंबोळी करा. वीस माणसांक दीड किलो वाटाणे पुरतत, आदल्या रातीक भिजत घाला. खर्च दोनय बाजूंनी अर्धो-अर्धो. नि गाऱ्हाणा (देवाक सगळ्यांच्या वतीन मागणा) घालूचा काय नाय तां आधी सगळ्यांक इचारा, मुसलमान नि ख्रिस्ती मच्छीमार पण येतले.

वाळूचा_बांध
धन्यवाद! मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांना बोलवावं का? आणि समझोत्यात नेमकं काय लिहायचं?

तांडेलकट्टा
पहिल्या बैठकीला अधिकारी नकोत. ते समोर असले की नियम मोडल्याचं कोणीच कबूल करत नाही, मग मुद्द्याचं काहीच निघत नाही. दुसऱ्या बैठकीच्या शेवटच्या अर्ध्या तासाला बोलवा.

खाडीमुख
याच्याशी सहमत नाही. अधिकारी शेवटी आला तर "आधीच ठरलंय" असा संशय येतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटताना अधिकाऱ्यालाही तिसरी बाजू म्हणून भेटा, आणि कारवाई कधी, कशी होते हे त्याच्याच तोंडून ऐका.

तांडेलकट्टा
हे चालेल. समझोत्यात चारच कलमं ठेवा. गिलनेटच्या दोन्ही टोकांना झेंडा आणि रात्री दिवा. जाळं तुटलं तर २४ तासांत दोन्हीकडची दोन-दोन माणसं ते बघतील. त्यासाठी तुटलेलं टोक कापू नये आणि जीपीएसवरची खूण पुसू नये, कारण धारेने कापलेला दोर आणि नौकेच्या पंख्यात गुंडाळून तुटलेला दोर वेगळा दिसतो, अर्धा वाद तिथेच मिटतो. प्रत्येक बाजूचा एकच माणूस फोन करेल. त्यासाठी वायरलेसचं चॅनेल १६ वापरायचं नाही, ते संकटासाठी आहे. भरपाईचा आकडा आधी ठरवू नका, जाळ्याच्या वजनावर आणि जुनेपणावर ठरेल एवढंच लिहा. सह्या झाल्या की तिथेच प्रत्येक बाजूला एकेक झेरॉक्स द्या.