घर, घरातलं जनावर आणि रविवारची शेवभाजी : तुमचं गणित कसं बसतं?

उन्हाळा लागला की आमच्या जळगावात पैशाचा खरा कस लागतो. कूलरचं गवत बदला, गच्चीला चुना मारा, वर्षाचा गहू-डाळ-तिखट भरा, बिबड्या-कुरडयांचा घाट घाला, शाळा उघडायच्या आधी वह्या-पुस्तकं आणा. आणि नेमकं त्याच वेळी घरातलं कुत्रं नाहीतर मांजर जेवण सोडून कोपऱ्यात पडतं.

काटकसरीचे सल्ले देणारे पुष्कळ आहेत. पण त्यांच्यापैकी कुणाचं धाबं, म्हणजे मातीचं छत, गळत नाही आणि कुणाच्या कुत्र्याला गोचीड होत नाही. म्हणून हा धागा. खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतल्या, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मंडळींनी लिहा. कशावर हात आखडता घेता, कशावर अजिबात घेत नाही, आणि जिभेचे चोचले कुठे बसवता? आकडे दिलेत तर उत्तम. 'कुत्रं पाळलंच कशाला' हा प्रश्न मात्र इथे नको, तो आमच्या घरी रोज विचारला जातो.

सुरुवात मीच करते.

आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, डोक्यावर थेट स्लॅब. पारा 44-45 वर गेला की रात्री जेवणं झाल्यावरही भिंत हाताला गरम लागते. एसीचा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी मागे पडतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो, आमचा लोखंडी कूलर दोनशेच्या घरात. आपली हवा मे अखेरपर्यंत कोरडी असते म्हणून कूलरचं निभतं. मृगाचे ढग आले की तोच कूलर नुसता दमटपणा फेकतो, तेव्हा पंप बंद करून त्याचा पंखा करायचा. गवत दरवर्षी नवं. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून जुनं गवत कडक होतं आणि त्यातून हवा नीट येत नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पाळल्यासारखे होतात.

आता कुत्री. देशीच आहे, गल्लीतून आलेली. मागच्या उन्हाळ्यात तिने भाकरीकडे पाठ फिरवली. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खाली आलेल्या. गोचीड ताप. गोळ्या जवळजवळ महिनाभर चालल्या, तपासण्या आणि सलाइन धरून साडेपाच हजारांच्या वर गेले. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हताच. म्हणाले, "ताई, ही झोपते कुठे?"

ती झोपते जिन्याखाली. तिथलं प्लास्टर फुगून फुटलेलं. गोचीड रक्त पिते कुत्र्याच्या अंगावर, पण अंडी घालायला खाली उतरून भिंतीच्या फटीत शिरते, आणि एकेक मादी हजारांनी घालते. घरी येऊन टॉर्च मारला. चौकटीच्या कडेने तांबूस दाणे चिकटलेले, मधूनच एखादी करडी, टम्म फुगलेली. फवारणीच्या वेळी कुत्रीला दिवसभर शेजारी ठेवलं. फरशी वाळल्यावर गवंड्याकडून फटी सिमेंटने भरून घेतल्या. सामान-मजुरी बाराशे. प्लास्टरचं काम दिवाळीवर ढकललं होतं, ते जूनच्या आत झालं. तेव्हापासून आमच्या वहीत घराची डागडुजी आणि कुत्रीचं औषधपाणी एकाच पानावर लिहिलं जातं.

चोचला एकच, रविवारची शेवभाजी. हॉटेलात चौघांचे सातशे सहज होतात. तिखट शेव पाव किलो विकत आणून रस्सा घरी केला तर दीडशेत भागतं आणि दोनदा वाढून घेता येतं. रस्सा कुत्रीला नाही. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपलं काळं वाटण म्हणजे भाजलेला कांदाच. तिला भाकरी आणि उकडलेलं अंडं.

अमळनेर

ताई, धाब्याचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. आमचं घर आजोबांच्या वेळचं, मातीचं, लाकडी सऱ्यांवर धाबं. पावसाच्या तोंडावर वर चढायचं, उंदरांनी पाडलेली भोकं ठोकून बुजवायची आणि खाऱ्या मातीचा थर द्यायचा. ही पांढरट माती ओली झाली की गच्च बसते, पाणी खाली सोडत नाही. ढाळ मात्र पन्हाळीकडेच हवा. एक ट्रॉली माती आणि दोन माणसांची मजुरी, एवढाच छताचा वार्षिक खर्च. भावकीत स्लॅबचं बोलणं अधूनमधून निघतं. मी कानाडोळा करतो. धाब्याखाली मे महिन्यातही दुपारची झोप लागते. कूलर एकच, तोही पाहुणे आले तर.

धाब्याचा वैरी उंदीर, म्हणून बोका. तो हौसेचा नाही, कामावर आहे असं आई म्हणते. गेल्या थंडीत हा बोका सारखा लघवीला बसायचा, ओरडायचा आणि थेंबही पडायचा नाही. गल्लीत एकाने सांगितलं, पोट साफ होत नसेल, एरंडेल पाजा. जवळच्या दवाखान्यात गेलो तर उत्तर मिळालं, आम्ही गाई-म्हशी बघतो. भावाच्या गाडीत घालून जळगाव गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नर मांजराची लघवी तुंबली तर दीड-दोन दिवसांत जीव जातो. नळी घालून मोकळं केलं, दोन रात्री ठेवून घेतलं. येणं-जाणं धरून साडेचार हजार.

पैसे आईच्या भिशीतून आले. देताना म्हणाली, "तुन्हा पगार मांजरना पोटमा जास." आणि वर पाचशे जास्तीचे दिले, पेट्रोलला.

आता त्याला कोरडं खाणं जवळपास बंद. चिकन उकडलेलं पाणी, मीठ-मसाला न घालता, आणि घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या. मांजर पाणी कमी पितं, ते पोटात जाईल अशी सोय आपणच करायची.

धुळे

सूचनेच्या विरुद्ध जाऊन विचारतोच, पाळावं कशाला? महिन्याला पंधरा हजार घरात येतात त्याच्यासाठी चार-पाच हजारांचं अचानक आलेलं बिल म्हणजे किराणा बंद. पोरं पिल्लू मागतात, मी नाही म्हणतो. दारात पाण्याची कुंडी ठेवतो, उरलेली भाकरी गल्लीतल्या कुत्र्यांना घालतो, तेवढं झेपतं.

आणि मेहुण्याने परवा नवीनच काढलं, पोरांसाठी पोपट घेऊन देतो म्हणे. आपला हिरवा पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. बाजारात उघड मिळतो म्हणून तो चालतो असं नाही.

आमची चैन म्हणाल तर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि आमरस. मांडे विकत घेतो. बायकोने दिवसभर चुलीपुढे बसावं अशी माझी काटकसर नाही.

सावदा

धुळ्याचे भाऊ, तुमचं शहरापुरतं बरोबर. आमच्या केळीच्या मळ्यात कुत्रं नसेल तर रात्री रानडुकरं येतात. ती हौस नाही हो.

आमच्या मोठ्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यावर महिन्याभरात पू जायला लागला. पाणी घटाघटा प्यायची, खायची काही नाही. गर्भाशयात पू झालेला, तातडीने पोट उघडावं लागलं. सात हजार गेले, केळीला भाव पडलेला असताना. तिची लेक आहे, तिची नसबंदी मात्र ठरवून, वेळेत, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून करून घेतली. केस पेपर किरकोळ पैशात, बाहेरून आणलेला दोरा आणि औषधं धरून एकूण खर्च तिच्या आईच्या ऑपरेशनच्या पाव हिस्साही नाही. सगळ्याच सरकारी दवाखान्यांत ही सोय असते असं नाही, आधी चौकशी करा.

घराचं म्हणाल तर आम्ही रंग देत नाही, चुनाच. चैनीचा हंगाम थंडीचा. बामणोदकडची हिरवी-पांढरी वांगी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर भाजायची, लाकडी मुसळीने ठेचायची, वर मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी. पंचवीस माणसं जेवतात आणि विकतचं म्हणावं तर तेलच. त्या दिवशी पत्रावळी उचलून लगेच खड्ड्यात पुरते, कांदा-लसणामुळे. हे मला जळगावच्या ताईंसारखंच डॉक्टरांनी सांगितलं.

भुसावळ

रेल्वेतून निवृत्त, पेन्शनवर दोन माणसं आणि एक लॅब्रॅडॉर. लॅब्रॅडॉर मुलाचा. तो नोकरीला पुण्यात गेला, फ्लॅटवाले कुत्रं ठेवू देईनात, म्हणून हे चिरंजीव आमच्याकडे बदलीवर आले. थंड मुलखातली जात आणि गाव भुसावळ! बदली करणाऱ्याला विचारायला हवं होतं.

पहिल्याच मे महिन्यात सकाळी साडेआठला फिरवून आणलं आणि अंगणात पडला. जीभ लालभडक, धाप थांबेना, पाय लटपटत. शेजारच्यांनी बर्फ आणला. नशिबाने फोनवर डॉक्टर होते, म्हणाले, बर्फ नको, नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंज्यांवर ओता, पंखा लावा आणि निघा. बर्फाने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट, दवाखान्यात पोचलो तेव्हा 105 होतं. वाचला. आता फिरणं पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघतो, मला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यालाही नाही.

काटकसर इथून झाली. जुने पंखे पंच्याहत्तर वॅटचे, दिवसरात्र चालणारे. एकेक करून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज ओढणाऱ्या मोटरचे पंखे बसवले, ते तीस-पस्तीस वॅटमध्ये भागवतात. गच्चीला चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात. ओला चुना पंजे भाजतो, वाळेपर्यंत गच्चीचं दार बंद. आणि कुत्र्याचं वजन कमी केलं. यात तर पैसे उलट वाचले! बिस्किटं बंद, वाटी मोजून. म्हातारपणी लॅब्रॅडॉरचे खुबे दुखतात, वजन उतरलं तसा जिना चढताना थांबणं कमी झालं आणि दुखण्याच्या गोळ्याही डॉक्टरांनी निम्म्यावर आणल्या.

आमची चैन : गुरुवारी वरण-बट्टी, तूप हात न आखडता. सौभाग्यवतींच्या मते तूप हा खर्चात धरायचाच नसतो.

पारोळा

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, डॉक्टर नाही. रोज जे दिसतं ते लिहितो.

घरची तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं, एका गोळीतही. कुत्र्याच्या गोचिडाचं मानेवर टाकायचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येतात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला नाही. पैसे कमी असतील तर महागडी बिस्किटं, शाम्पू, पट्टे हे सगळं सोडा, लस सोडू नका. पार्वो, म्हणजे उलट्या-रक्ती जुलाबांचा साथीचा आजार, झालेलं पिल्लू वाचवायला लसीच्या कितीतरी पट खर्च येतो आणि वाचेलच असं नाही. रेबीजची लस दरवर्षी, मांजरालासुद्धा. आणि कुत्रं चावलं तर हळद-तिखट भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा, माणसाची रेबीजची लस तिथे मोफत असते.

लोक जनावर फार उशिरा आणतात, खर्चाच्या भीतीने. पहिल्या दिवशी आलेल्याचं तीनशे-चारशेत भागतं. धुळ्याच्या दादांना एवढंच, नाही म्हणता ते योग्यच आहे, पण गल्लीतल्या ज्यांना भाकरी घालता त्यांच्या लसीची चौकशी महापालिकेत करून बघा.

नंदुरबार

भाड्याची खोली, शाळेवर कंत्राटी नोकरी, एक मांजरी. डागडुजी घरमालकाची, पण तो छताचा पत्रा बदलत नाही. पत्र्याखाली बांबू बांधून वर जुन्या साड्यांचं छत ताणलं, त्यावर पाणी मारलेलं गोणपाट. वास येतो, पण दुपार निघते. मांजरीची नसबंदी पगार वेळेवर झाला त्या महिन्यात केली. थकलेले तीन पगार एकदम आले तर स्वतःला काय घ्यायचं हे अजून ठरलेलं नाही. सध्या चैन म्हणजे बाजाराच्या दिवशी पाव किलो जिलेबी.

भुसावळच्या काकांना विचारायचं होतं, बीएलडीसी पंखा भाड्याच्या घरात लावला तर सोडताना काढून नेता येतो का? घरमालक म्हणतो, भिंतीला लागलं ते माझं.

भुसावळ

पंखा तुमचा, बिल तुमच्या नावावर. जुना पंखा माळ्यावर जपून ठेवा आणि सोडताना तोच परत टांगून द्या. बिलाचा फोटो घरमालकाला आजच पाठवा.