आईचा टी-स्कोअर उणे २.७, बाबांची टाचेची तपासणी 'नॉर्मल': पुढे काय?

केतकी: आई ५८ वर्षांची, पाळी ४७व्या वर्षी गेली. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.७, खुब्याचा उणे १.९. अलेंड्रोनेट ७० मि.ग्रॅ. ही हाडांची झीज रोखणारी गोळी सुरू केलीय, आठवड्यातून एकदा. बाबा ७१. शिबिरात टाच मशीनवर ठेवून 'हाडं उत्तम' सांगितलं, पण उंची ४ सें.मी. कमी भरतेय. हाडं बायकांचीच ठिसूळ होतात, हे खरं का?

रेवा: टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. हाड झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आवरून धरतं. पाळी गेली की तो लगाम सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं झीज झपाट्याने होते. मणके आतून जाळीदार, म्हणून आधी तेच पोकळ होतात.

गोळी सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर व्रण होतो. दुधाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, तो आठवडा फुकट. दात काढायचा असेल तर डेंटिस्टना या गोळीबद्दल आधी सांगा.

निवांत: बाबांचं अजिबात टाळू नका! पुरुषांची झीज संथ असते, पण पासष्टी-सत्तरीनंतर स्त्री-पुरुष दोघांचा वेग सारखाच होतो. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण तर पुरुषांत जास्त आहे. टाचेच्या मशीनवर निदान होत नाही. ४ सें.मी. उंची घटली म्हणजे मणका दबलेला असू शकतो, तोही न दुखता. पाठीचा बाजूने एक्स-रे आणि डेक्सा करून घ्या. या वयात कंबरेच्या मणक्यांवर हाड वाढलेलं असतं, त्यामुळे तिथला आकडा फसवा, उगाच चांगला येतो, खुब्याचा बघा. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) किंवा प्रोस्टेटची हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सुगरण: आईंना दिवसाला १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम हवं. पाव लिटर दुधातून साधारण ३००, ५० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून १८०च्या आसपास मिळतं. उरलेल्यापुरतीच कॅल्शियमची गोळी. ती कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणानंतर, एका वेळी ५०० मि.ग्रॅ. पर्यंत, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठ आठवडे दर आठवड्याला एक, मग महिन्याला एक. लोक वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेत राहतात; रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर येतं.

रेवा: एक राहिलंच. आईंनी पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन बंद ठेवायचं, बाबांनीही एक्स-रे होईपर्यंत. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो आणि मणका तिथेच दबतो. हात न टेकता खुर्चीतून उठ-बस चालेल.