घर रंगवायचंय, रंगारी ओळखीचा

प्रेषक: मंदार, स्केनेक्टडी (न्यूयॉर्क)
शनिवार, रात्री 10.40

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या ईमेल-यादीवर घरगुती प्रश्न टाकतोय, चालवून घ्या. आमचं घर 1926चं, लाकडी फळ्यांचं, दुमजली. शेवटचा रंग कधी दिला ते आधीच्या मालकालाही आठवत नव्हतं. दक्षिणेकडच्या भिंतीला आता पोपडे सुटलेत. परवा हिने खिडकीखालच्या फळीला नुसतं नख लावलं तर तळहाताएवढा पापुद्रा निघून आला. आत लाकूड राखाडी पडलंय. तीन ठिकाणी दर विचारले: 9,800, 11,500 आणि 14,200 डॉलर.

आता खरी अडचण. माझा एक मित्र आहे, नाव लिहीत नाही. मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. रंगकाम त्याला उत्तम येतं. स्वतःचं घर त्याने एकट्याने रंगवलंय आणि चार हिवाळे झाले तरी एक टवका उडालेला नाही. मागच्या रविवारी चहा पिता पिता तोच म्हणाला, "बाहेरच्यांना कशाला देतोस, मी करतो की." पैशांचं काढलं तर, "बघू रे, दे काहीतरी."

हे "दे काहीतरी" मला झोपू देत नाहीये. कमी दिले तर त्याच्या अडचणीचा फायदा घेतला असं होईल. जास्त दिले तर मदत केली असं होईल, आणि ते तर त्याला मुळीच खपणार नाही. रोजंदारीवर द्यावं की उक्तं? कोणी असा व्यवहार केलाय का?

मंदार


प्रेषक: शुभदा, ट्रॉय
रविवार, सकाळी 7.15

मंदार,

उक्तं अजिबात देऊ नकोस. जुन्या घराचं रंगकाम म्हणजे रंग मारणं नव्हेच, खरवडणं. आमच्या घराला एकोणीस दिवस लागले, त्यातले पहिले अकरा दिवस रंगाचा डबा उघडलासुद्धा नव्हता. खाली काय निघेल ते रंगाऱ्याला माहीत नसतं आणि मालकाला तर नसतंच. उक्तं ठरवलंस आणि चार फळ्या कुजक्या निघाल्या, तर परका रंगारी सरळ वाढीव पैसे मागेल. मित्र मागणार नाही. तो एकतर गपचूप तोटा सोसेल, नाहीतर खरवडण्यात कुचराई करेल. म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा पोपडे, आणि तोंडावर बोलायचीही सोय नाही.

रोजावर दे. सामान तू आण, तुझ्या कार्डावर, म्हणजे त्याच्या खिशातून काही जायला नको. हिशोब सोपा आहे. घराचा घेर धर 120 फूट, उंची 18. साधारण 2,100 चौरस फूट. खिडक्या-दारं वजा, वरचे त्रिकोण जमा, पुन्हा तेवढंच. एक गॅलन 350 ते 400 चौरस फुटांना पुरतो. दोन हात द्यायचे तर बारा गॅलन, शिवाय चौकटींना दोन, शिवाय प्रायमर. रंगात पैसे वाचवायला जाऊ नकोस. डबा वीस डॉलरने स्वस्त घेऊन तीनशेही वाचत नाहीत, आणि मजुरी तेवढीच जाते.

एक बघून ठेव. पोपडा निघतो तो थेट लाकडापर्यंत की फक्त वरचा थर? नुसता वरचा थर सुटत असेल तर जुन्या गुळगुळीत ऑइल पेंटवर कोणीतरी न घासता पाण्याचा रंग मारलाय. थेट लाकूड दिसत असेल तर आतून ओल येतेय. त्या भिंतीमागे बाथरूम आहे का? आमच्याकडे होतं. पंख्याची हवा छताबाहेर जायच्या ऐवजी माळ्यावर सोडलेली होती. तो पाइप नीट केला नसता तर कितीही भारी रंग टिकला नसता. आणि फळीवर फळी चढते तिथली खालची फट बुजवू नका. दिसायला बरं दिसतं, पण ओल बाहेर पडते ती तिथूनच.

आता महत्त्वाचं, जे तू विचारलं नाहीस. 1926चं घर म्हणजे रंगात शिसं आहे असं धरूनच चाल. इथे घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली 1978मध्ये, आणि 1940च्या आधीच्या घरांपैकी 87 टक्क्यांत ते सापडतं. तुझी धाकटी अजून जमिनीवरचं उचलून तोंडात घालते ना? आणि मेथीचा वाफा कुठे आहे? मी दसऱ्याला तुमच्याकडे आले होते, माझ्या आठवणीप्रमाणे त्याच भिंतीखाली.

तू स्वतःचं राहतं घर स्वतः खरवडलंस तर कायदा तुला अडवत नाही. पण पैसे घेऊन दुसऱ्याने खरवडलं, आणि ते बाहेरच्या बाजूचं 20 चौरस फुटांपेक्षा जास्त असलं, की 2010 पासूनचा ईपीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा) नियम लागू होतो. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, सगळं. मित्र आहे म्हणून सूट नाही. चहा-पोह्यांवर केलं तर मित्र, चेक घेतला की कंत्राटदार.

शुभदाताई


प्रेषक: केदार
रविवार, सकाळी 9.02

ताईंनी एवढं लिहिल्यावर आपण काय बोलणार. तरी दोन गोष्टी.

मित्र एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असेल तर विषयच सोडून दे. नोकरी गेल्यावर जे 60 दिवस मिळतात ते राहण्याचे, काम करण्याचे नव्हेत. आपल्यातल्याच एकाने, तेव्हा तो विद्यार्थी होता, शनिवार-रविवार एका ओळखीच्यांच्या दुकानात गल्ला सांभाळला आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी वकिलाला काय सांगायचं या विचाराने वर्षभर त्याचं जेवण गोड लागलं नाही. (मीच तो.)

नसेल एच-वनवर, तर रोख दे आणि मोकळा हो. कोण विचारतंय?

केदार


प्रेषक: यादी व्यवस्थापक
रविवार, सकाळी 9.30

ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे याची नम्र आठवण. कोजागरीच्या जेवणाच्या तक्त्यात अजून सात जणांनी "काहीही चालेल" लिहिलंय. काहीही म्हणजे काय आणणार ते लिहा.

(मंदार, उत्तरं मात्र यादीवरच येऊ द्या. आमच्याही पोर्चला पोपडे आलेत.)


प्रेषक: अण्णा
रविवार, दुपारी 1.48

चि. मंदार यांस,

मी बत्तीस वर्षे विमा कंपनीत दावे तपासले, त्यातले बरेचसे शिडीवरून पडलेल्यांचे. म्हणून लिहितो.

सर्वप्रथम घराच्या विमा एजंटाला ईमेल करा, फोन नव्हे. पाहुणा पडला आणि पैसे देऊन आणलेला माणूस पडला, यांत विम्याच्या लेखी फार अंतर असते. उत्तर लेखी घ्या.

दुसरे, आपल्या न्यूयॉर्क राज्यात परांचीचा एक जुना कायदा आहे, मुळात 1885चा. आजचे कलम 240. उंचीवर काम करणारा पडला, आणि त्याला योग्य साधने पुरवलेली नव्हती म्हणून पडला, तर जबाबदारी मालकावरही येते. स्वतःची चूक नव्हती हे सांगून सुटका होत नाही. एक किंवा दोन कुटुंबांच्या घराच्या मालकाला यातून सूट आहे. परंतु कामावर त्याने हुकमत चालवली नसेल तरच. रंग कोणता हे तुम्ही सांगू शकता. "शिडी जरा डावीकडे घे, त्या फळीवरून हात लांब कर", हे सांगू लागलात की सूट धोक्यात.

आपल्या लोकांना रंगाऱ्याच्या खाली उभे राहून, मान वर करून, "तिकडे राहिलं बघ" म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या दापोलीच्या घराला गणपतीच्या आधी चुना काढायचे, तेव्हा माझे वडील खळ्यात खुर्ची टाकून दिवसभर हेच करीत. तिथे जांभ्याची भिंत, बैठे घर. गडी पडला तरी शेणाच्या अंगणात पडे. तुमच्याकडे खाली सिमेंटची वाट आहे.

शिडी 24 फुटी तरी घ्या. चार फूट उंचीला पाया एक फूट भिंतीपासून पुढे. मंडळाच्या गोदामात मखराची शिडी आहे ती आठ फुटी आहे आणि तिचा एक पाय लंगडा आहे. ती कोणीही मागू नये.

अण्णा


प्रेषक: नितीन
रविवार, रात्री 8.20

तो "मित्र" मी.

मंदार, नाव नाही लिहिलंस हे चांगलं केलंस, पण मार्चमध्ये नोकरी गेलेला आणि स्वतःचं घर स्वतः रंगवलेला या यादीवर दुसरा कोण आहे? सकाळपासून तिघांचे फोन आले. एकाने तर पोर्चचा दर विचारला.

"दे काहीतरी" म्हणालो कारण आकडा तोंडातून निघेना. पंचवीस वर्षं कंपनीकडे पगार मागितला, पण मित्राकडे मागायची सवय नाही. लिहायला सोपं जातंय, म्हणून लिहितो. दिवसाला 260 डॉलर, सात तास, मध्ये जेवण. पाऊस आला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. दर शुक्रवारी चेक, शेवटी एकदम नको. एकदम दिलेस तर शेवटच्या दिवशी तू भिंत बघत बसशील आणि मी तुझं तोंड. माझ्या अंदाजाने बारा ते चौदा दिवस, म्हणजे 3,120 ते 3,640. कुजक्या फळ्या निघाल्या तर तिथे थांबायचं, तुला दाखवायचं, मग पुढे.

केदार, रोख नको. मी बेकारी भत्ता घेतोय. आठवड्यात किती तास काम केलं ते दर रविवारी कळवावं लागतं, आणि 30 तासांच्या वर गेलं की त्या आठवड्याचा भत्ता मिळत नाही. मी कळवणार आहे. खोटं लिहून वाचवलेल्या पैशांवर मला झोप लागणार नाही, आणि मंदारची झोप तर आधीच उडालीय. ग्रीन कार्ड 2014पासून आहे, ती काळजी नको.

शिशाचं ताई म्हणतात ते खरं. माझं घर 1991चं, म्हणून मला कधी प्रश्न आला नाही. प्रमाणपत्राचा वर्ग एका दिवसाचा असतो, पण माझ्या नावाने फर्मचीही नोंदणी करावी लागेल. एका घरासाठी एवढं करण्यापेक्षा असं करू: खरवडणं आणि घासणं मंदार करेल, त्याचं घर आहे. प्रायमरपासून पुढे मी. नुसता रंग चढवण्याला तो नियम लागत नाही. मात्र उघडं पडलेलं लाकूड उन्हात तसंच ठेवू नकोस. एका आठवड्यात एक भिंत खरवड, लगेच मी तिला प्रायमर देतो, मग पुढची. सुरुवात दक्षिणेकडून. थंडीआधी तेवढी एक झाली तरी पुष्कळ. रात्री 50 अंश फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की थांबायचं, उरलेलं मे महिन्यात.

अण्णा, शिडी माझी स्वतःची आहे. चारी पाय, म्हणजे दोन्ही, धड आहेत.

नितीन


प्रेषक: शुभदा, ट्रॉय
सोमवार, सकाळी 6.50

नितीन, आता कसं मोकळं बोललास. 260 कमी आहेत, पण तुमचं तुम्ही ठरवा.

मंदार, खरवडताना: भिंतीपासून निदान 10 फूट प्लास्टिक अंथर, कडा वर दुमडून. खिडक्या-दारं बंद, 20 फुटांच्या आतली सगळी. फवाऱ्याने ओलं कर आणि मगच स्क्रेपर चालव. कोरडं खरवडायचं नाही, ग्राइंडर नाही, ज्योत तर नाहीच. तोंडावर पी-100चे (बारीक धूळ अडवणारे) फिल्टर लावलेला मास्क. ते निळे कागदी नव्हेत, कोविडातले अजून पडलेत म्हणून ते वापरशील. वारा असेल त्या दिवशी सुट्टी. कपडे गराजमध्येच उतरव आणि वेगळे धू. मुलींना त्या शनिवारी माझ्याकडे सोड, मी थालीपीठं करणार आहे. मेथीच्या वाफ्याची माती तपासून येईपर्यंत मेथी खाऊ नका, पराठ्यात घालूनही नको.


प्रेषक: मंदार
पुढचा रविवार, रात्री 9.15

मंडळी,

पोपड्यांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता, शिसं निघालं. वाफा झाकून टाकलाय, मातीचा निकाल यायचाय. बाथरूमचा पंखा ताई म्हणाल्या तसाच निघाला, थेट माळ्यावर ओकत होता. एजंटाचं उत्तर लेखी आलं, वर्षाला 84 डॉलर वाढले.

दर नितीनने सांगितला तोच, फक्त तास सातचे सहा केले. ताईंचंही राहिलं, त्याचंही. शिवाय पाच दिवसांचे तीसच भरतात, भत्त्याच्या हिशोबातही बसलं.

काल दक्षिणेची खालची अर्धी भिंत खरवडली. सहा थर मोजले. पांढरा, पुन्हा पांढरा, फिकट निळा, चॉकलेटी, एक भयंकर हिरवा आणि सगळ्यात खाली साईसारखा. हिरव्याच्या प्रेमात पडलोय, पण घरात मतदान झालं आणि मी हरलो. संध्याकाळी खांदा वर होईना. 14,200 सांगणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आता बरंच निवळलंय.

नितीन सकाळी दहाला "सहज" आला. प्लास्टिकच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला आमची बागेतली खुर्ची टाकून बसला, हातात चहा. दिवसभर तिथूनच चालू होतं: "कडेला राहिलं. अरे खालच्या कडेला. नाही, त्याच्या खालच्या." स्क्रेपर ओढायचा, ढकलायचा नाही, हे त्याने मला नऊ वेळा सांगितलं.

अण्णा, इथे शिडीवर मालक आणि खाली खुर्चीत बसून हुकमत चालवणारा रंगारी. हे तुमच्या 240मध्ये कुठे बसतं?

मंदार