जोना लोमू खरंच एवढा भारी होता का?

खेळवेडा:
मी रग्बी फार उशिरा बघायला लागलो त्यामुळे न्यूझीलंडच्या लोमूला लाइव्ह कधी पाहिलंच नाही. जिथे बघावं तिथे ९५ च्या वर्ल्ड कपमधल्या इंग्लंडविरुद्धच्या सेमीचा तोच व्हिडिओ. पण वर्ल्ड कप एकदाही जिंकला नाही, टेस्ट (म्हणजे देशाकडून खेळलेल्या मॅच) फक्त ६३, साउथ आफ्रिकेविरुद्ध एकही ट्राय (गोललाइनपलीकडे बॉल टेकवणं) नाही. मग सगळी हवा एका मॅचवरच आहे का?

अकरा नंबर:
अरे तो व्हिडिओ इंग्लंडचा माइक कॅट आडवा येतो त्याच्या आधीपासून बघ ना. पास मागे उसळतो, हा वळून बॉल घेतो, त्यांच्या टोनी अंडरवूडला बाहेरून मागे टाकतो, मागून त्यांचाच कार्लिंग पायाला हात लावतो आणि तोल गेलेला असतानाच कॅट समोर येतो, मग काय, सरळ त्याच्या अंगावरून. मॅच नुकतीच सुरू झालेली, पोराचं वय २०. त्या दिवशी ४ ट्राय, स्कोअर ४५-२९. १२० किलोच्या आसपासचा माणूस विंगवर (मैदानाच्या कडेला) एवढा पळतो हे तोवर कोणी बघितलंच नव्हतं.

पंचरंगी:
थोडं थंड घ्या. डिफेन्स त्याचा कच्चाच होता, ९४ ला फ्रान्सने पहिल्याच सीरिजमध्ये मागे बॉल टाकून टाकून त्याला पळवलं होतं. आणि ९५ च्या फायनलला साउथ आफ्रिकेने खाली पायात टॅकल केलं, एकाने धरला की दुसरा हजर, संपला विषय. १५-१२.

सायडलाइन:
@पंचरंगी बरोबर, पण किडनीचं विसरतोयस. ९५ च्याच शेवटी नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला. त्यानंतर ९८ ला क्वालालंपूरच्या कॉमनवेल्थ गेम्सला सेव्हन्सचं (सात-सात जणांच्या रग्बीचं) गोल्ड, ९९ च्या वर्ल्ड कपला ८ ट्राय, हे सगळं आजार अंगावर घेऊन! २००३ ला डायलिसिस, २००४ ला ट्रान्सप्लांट, २०१५ ला ४० व्या वर्षी गेला. वर्ल्ड कपचे एकूण १५ ट्राय, साउथ आफ्रिकेच्या हबानाने बरोबरी केली खरी पण त्याला तीन वर्ल्ड कप लागले, याला दोन. धडधाकट लोमू आपण जेमतेम एक-दीड वर्ष पाहिला असं माझं मत, म्हणून ६३ टेस्टमध्ये ३७ ट्राय हा आकडा मला जास्त मोठा वाटतो.

खेळवेडा:
आजाराचं एवढं डोक्यातच नव्हतं. ९५ सोडून एखादी अख्खी मॅच सांगा.

अकरा नंबर:
९९ ची फ्रान्स सेमी, ट्विकेनहॅम. न्यूझीलंड हरतं पण याचे दोन ट्राय बघ, पहिल्यात अर्धी फ्रान्स टीम लोंबकळतेय त्याला.