मदत हवी आहे: कोळंबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, उपसा तोंडावर

खाडीकाठ
व्हेनामी कोळंबीच्या तळ्याचा उपशाआधीचा नमुना नायट्रोफ्युरानला (बंदी असलेलं प्रतिजैविक) पॉझिटिव्ह आलाय. तळ्यात औषधाचा कणही टाकलेला नाही. अमावास्येच्या ओहोटीला तळं रिकामं करायचंय आणि निर्यातवाला गाडी पाठवत नाही. दुसरी लॅब सुचवा, लवकर.

पिपेट
नायट्रोफ्युरानच्या चार अंशांतला नेमका कुठला? एओझेड, एएमओझेड, एएचडी की एसईएम? आकडा किती? एलायझा (किटवरची झटपट चाचणी) की एलसी-एमएस (यंत्रावरची खात्रीची)?

खाडीकाठ
एसईएम, ०.८ पीपीबी (किलोमागे मायक्रोग्रॅम). बाकी तीन निल. किटवर केलं म्हणाले. लॅबचं सांगा ना.

मचवा
आधी तळ्याचं पाणी तपासा. शेजारच्या तळ्यातून औषध आलं असेल तर तिथेच सापडेल.

पिपेट
मचवा, या औषधासाठी पाणी तपासून हाती काही लागत नाही. नायट्रोफ्युरान उन्हात लवकर फुटतं, मांसात चिकटलेला अंश मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो.
खाडीकाठ, युरोपची मर्यादा नोव्हेंबर २०२२ पासून ०.५ पीपीबी आहे, आधी १ होती. त्यामुळे ०.८ चालणार नाही. पण एकटं एसईएम आलं म्हणजे औषध दिलंच, असं नाही. कोळंबीच्या सालीत ते मुळातच सापडतं. नमुना सालीसकट वाटला का? ब्लीचिंगच्या पाण्यात धुतला का? आणि पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याच्या हाताला भाजल्यावर लावायचं पिवळं मलम होतं का, तेही बघा. त्यातल्या कित्येकांत नायट्रोफ्युराझोनच असतं, आणि एसईएम हा त्याचाच अंश.

मचवा
पाणी नको तर गाळ घ्या. ऑक्सिटेट्रासायक्लिन गाळात महिनोन्‌महिने बसून राहतं.

पिपेट
ते खरं, कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसतं. पण इथे प्रश्न ऑक्सिटेट्राचा नाहीच.

जिताडेवाला
आमच्याकडे जिताड्याच्या तळ्यांना असले रिपोर्ट कोणी विचारत नाही. गावातल्या खाणाऱ्यांसाठीही तपासणी व्हायला हवी.

बर्फगोळा
उपसा झाल्यावर काळे डाग पडू नयेत म्हणून मेटाबायसल्फाइट बेतानं वापरा.

प्रयोगशाळा_ताई
डागांचं कोणी विचारलेलं नाही.
खाडीकाठ, एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) स्कोपमध्ये, म्हणजे मान्य चाचण्यांच्या यादीत, कोळंबी आणि एसईएम दोन्ही असलेली लॅब घ्या आणि एलसी-एमएसवर खात्री करून मागा. एलायझा फक्त चाळणी आहे. सर्रास चालणारी पद्धत अशी: १ ग्रॅम मांस, ४ मिली पाणी, ०.५ मिली १ मोलर एचसीएल आम्ल, १०० मायक्रोलिटर १० मिलीमोलर नायट्रोबेंझाल्डिहाइड, ३७ अंशांवर रात्रभर. मग पीएच ७ च्या आसपास आणून इथाइल असिटेटने काढायचं. पीएच हुकला की आकडाही हुकतो. शिवाय आम्लाआधी मांस मिथेनॉलने दोन-तीनदा धुवायला सांगा. सुटं एसईएम निघून जातं, प्रथिनांना चिकटलेलं उरतं. औषधाचं असेल तर चिकटलेलं सापडणारच. तेवढ्यावर अंतिम निकाल देता येत नाही, पण दिशा कळते.

खाडीकाठ
लॅबला विचारलं. साल काढली नव्हती. उरलेला नमुना फ्रीजरमध्ये आहे, तोच सोलून पाठवू?

पिपेट
तो तसाच राहू द्या, वाद झाला तर लागेल. पाग नव्याने टाका: उघाडीजवळ (पाणी आत-बाहेर करायचं दार), मधोमध आणि खाद्याच्या ट्रेपाशी. नवे हातमोजे, नवी पिशवी. साध्या पाण्यात धुवा, डोकं-साल-पाय काढा, मग बर्फावर. पिशवीवर ‘फक्त मांस’ लिहा.

खाडीकाठ
उद्या सकाळी पाग टाकतो. हातमोजे कुठले, नायट्राइल?

प्रयोगशाळा_ताई
हो, पावडर नसलेले.